शर्टाची गुंडी, दहाचं नाणं

कल्हईवाल्या चाचांचा उजवा हात माझ्या एकाही जुन्या फोटोत नाही. म्हणजे हाताच्या जागी काहीतरी आहे, पण तो तपकिरी फराटा आहे. पातेलं दिसतं, भट्टीतला निखारा दिसतो, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तर तारखांसकट वाचता येतं. ज्या हातासाठी मी तासभर उकिडवी बसून पाय बधिर करून घेतले, तेवढाच पुसून गेलेला. अशा फोटोंचं एक फोल्डर माझ्या संगणकावर आहे. त्याला मी नाव दिलंय ‘गेलेले’.

मी फोटोग्राफर वगैरे नाही. एका पतसंस्थेत हिशेब बघते, इंदिरानगरला राहते, आणि माहेर जुन्या नाशकात दहीपुलाजवळच्या वाड्यात आहे. गेल्या पावसाळ्यात भाच्याने मिररलेस कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना निकॉन डी५६०० माझ्याकडे आला. सोबत १८-५५ मिलिमीटरची लेन्स. कॅमेऱ्यासोबतच मिळते म्हणून हिला सगळे ‘किट लेन्स’ म्हणतात आणि म्हणताना नाक जरासं मुरडतात, जशी एखादी सासू माहेराहून आलेल्या स्टीलच्या डब्याकडे बघते. मला विचाराल तर त्या लेन्सने माझं काही वाकडं केलेलं नाही. सकाळच्या उन्हात गोदाघाटावर, बुधवारच्या बाजारात, पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर ती उत्तम चालते. हलकी आहे, आणि पडली तरी काळजाचं पाणी होत नाही. पण सहा महिन्यांत मला खाज सुटली. नवी लेन्स हवी. कुठली, ते माहीत नाही, पण हवी.

ही खाज कॅमेरा हातात घेतलेल्या प्रत्येकाला सुटत असावी. गंमत अशी की मी घेण्याआधीच सगळ्यांना माझं उत्तर ठाऊक होतं. भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, पहिली लेन्स म्हणजे फिफ्टी वन-पॉइंट-एट. डोळे मिटून घे.” ऑफिसातला सहकारी म्हणाला, “मॅडम, नाशकात राहून लांबचं जवळ आणणारी टेली नाही घेतली तर काय उपयोग? नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे ना आपल्याला.” आणि आई म्हणाली, “आहे त्याने जेवण होत नाही का तुझं?”

आधी मी सहकाऱ्याचं ऐकलं, कारण त्याने नुसता सल्ला दिला नाही, स्वतःची ७०-३०० दोन आठवड्यांसाठी हातात ठेवली. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे आम्ही चौघं नांदूरला निघालो. निफाडच्या पुढे द्राक्षबागांवर धुकं होतं, चहाला थांबलो तेव्हा बोटं वाकत नव्हती. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा इंग्रजांच्या काळातला बंधारा. वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती माजल्या, आणि पक्ष्यांनी ती जागा आपली केली. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, तेव्हा आम्हा नाशिककरांना आपणच अंडी उबवल्यासारखा अभिमान वाटला होता.

मनोऱ्यावर पोचलो तर आमच्या आधी सातआठ जण हजर. त्यांच्या लेन्सा म्हणजे शब्दशः तोफा, एका पायाच्या दांड्यावर टेकवलेल्या, काहींना झाडीच्या रंगाचे अंगरखेसुद्धा घातलेले. माझी ३०० त्यांच्याशेजारी लाजून उभी राहिली. क्रॉप, म्हणजे आमच्या कॅमेऱ्यातल्यासारख्या लहान सेन्सरवर ३००चं दृश्य ४५० इतकं जवळ येतं, हे मला सहकाऱ्याने गाडीत दोनदा सांगितलं होतं. आलं असेल. पण दूरच्या पाण्यातले फ्लेमिंगो माझ्या फोटोत जेमतेम रांगोळीच्या गुलाबी चिमटीएवढे उमटले. जांभळी पाणकोंबडी काठाजवळ होती, ती बरी आली. शेकाट्या लाल काड्यांसारख्या पायांवर इकडून तिकडे गेला, तोही बरा आला. इतर दीडशे फोटोंत पाणी आहे.

मग गावातल्या वाटाड्या पोराने त्याच्या तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. चक्रवाकाची जोडी. नारिंगी अंग, फिकट डोकं, मान मागे वळवून पंखात चोच खुपसून एक पिसं नीट करतोय, दुसरा राखण करतोय. मी बराच वेळ बघत राहिले. मागे लोक खोळंबले तेव्हा बाजूला झाले. घरी येताना गाडीत जाणवलं, मला पक्षी बघायला आवडतात. त्यांचे फोटो काढायची मला तितकी हौस नाहीच. तिथे काढणारे लोक त्या एका फ्रेमसाठी चार चार हिवाळे देतात. मी चार रविवारही दिले नसते. सांगायला थोडी लाज वाटते, पण तीस-चाळीस हजार वाचवणारी लाज परवडते.

लेन्स अजून आठवडाभर हातात होती. पुढच्या रविवारी ती घेऊन रामकुंडावर गेले. आता हे सांगू की नको असं चाललंय मनात, पण त्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही.

रामकुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा, त्यामुळे तिथे बाराही महिने कुठून कुठून लोक येतात. मी पाण्याच्या पलीकडच्या पायऱ्यांवर बसून लांबून फोटो काढत होते. एक तिशीतला मुलगा, नुकतंच डोकं केलेलं, हातात कापडाने बांधलेलं मडकं. पाण्यात उतरण्याआधी त्याने चपला काढल्या, शेजारी शेजारी सरळ ठेवल्या, दोन पायऱ्या उतरला, परत वर आला, आणि त्या पुन्हा सरळ केल्या. मी पाच-सहा वेळा बटण दाबलं. फोटो सुरेख आले होते. मागचं सगळं विरघळलेलं, चेहरा स्वच्छ, डोळ्यांत काय आहे ते इतकं स्पष्ट की मी पडद्यावर मोठं करून बघितलं आणि मलाच कसंतरी झालं. इतक्या जवळून त्याच्याकडे त्याची आई बघू शकली असती. ती मडक्यात होती की आणखी कोणी होतं, मला माहीत नाही. मी त्याला दिसतसुद्धा नव्हते.

सगळे पुसले. यात लेन्सचा दोष काही नाही. तीनशे मिलिमीटरने उत्तम, सभ्य काम करणारे लोक आहेत. पण मला जे कोणाच्या समोर उभं राहून मागता आलं नसतं, ते मी लांबून उचललं होतं. सोमवारी लेन्स परत केली. सहकारी म्हणाला, “काय मॅडम, आवडली नाही?” म्हटलं, “जड आहे हो.” ती काही फार जड नव्हती.

त्यानंतर मी एक काम केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. हिशेब. तेच तर माझं पोटापाण्याचं काम, आणि तेच मी इथे विसरले होते. संगणकावर फोटोंचं फोल्डर उघडलं की तपशिलाच्या रकान्यांत फोकल लेंग्थ (लेन्स किती मिलिमीटरवर होती ते), छिद्राचा आकडा, शटरचा वेग, आयएसओ (कमी उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून घेतला ते), सगळं मांडून घेता येतं, अगदी कीर्दखतावणीसारखं. माझे १,८६३ फोटो होते. फोकल लेंग्थप्रमाणे लावले तर बहुतेक सगळे दोन टोकांना जमा झाले, १८ला आणि ५५ला. मधे विरळ वस्ती. म्हणजे सहा महिने मी झूम वापरलाच नव्हता. एकतर ‘सगळं येऊ दे’ म्हणून पूर्ण आत, नाहीतर ‘जवळ जायला नको’ म्हणून पूर्ण बाहेर.

मग ‘गेलेले’ फोल्डर. त्यात २१२ फोटो. हे मी एकेक करून पाहिले, का गेले म्हणून. लांब होतं म्हणून गेलेले नऊ, तेही नांदूरचेच. रुंद जागा मावली नाही म्हणून गेलेले चौदा. बाकी सगळे अंधाराने गेलेले: वाड्याचं माजघर, देवघर, गोदाआरती, तिन्हीसांजेचा भांडी बाजार आणि चाचांची भट्टी. आयएसओच्या रकान्यात ३२००, ६४००, ६४००, ६४००. शटरच्या रकान्यात पंधरांश, दहांश सेकंद. कर्जदार सापडला. मला लांबचं कमी पडत नव्हतं, उजेड कमी पडत होता.

उजेड लेन्समधून किती आत येतो हे छिद्राच्या आकड्यावर ठरतं, इथवर मला कळलं होतं, पण तो आकडा डोक्यात शिरत नव्हता. एक तर उलटा. आकडा मोठा की भोक लहान. आणि त्यात दशांश. तुम्ही नाशिकचे असाल तर तुम्हाला हे लगेच पटेल की आकड्याने आपल्याला काही कळत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्या सांगत राहतात, आणि आपण शेजाऱ्याला विचारतो, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलंय? कमरेला म्हणजे बरं, छातीला म्हणजे सराफ बाजारातली दुकानं आवरायला लागा, आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे मग विचारायलाच नको. मला छिद्रासाठी असा एक मारुती हवा होता.

तो एका रात्री पाकिटात सापडला. एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे: फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासाने भागायचं. माझी किट लेन्स ५५ला जास्तीत जास्त ५.६ उघडते. ५५ भागिले ५.६, म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर. शर्टाची गुंडी. भाचा म्हणत होता ती ५० मिलिमीटर, १.८: म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस मिलिमीटर. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. टेबलावर ह्यांच्या शर्टाची तुटलेली गुंडी आणि शेजारी दहाचं नाणं ठेवलं, आणि बघत बसले. मी सहा महिने गुंडीच्या भोकातून चाचांची भट्टी बघत होते. नळीही थोडी आखूड, तेही धरून हिशेब केला तर नाण्यातून जवळपास साडेनऊ पट उजेड येतो. म्हणजे जो फोटो पंधरांश सेकंद खातो, तो दीडशेव्या हिश्श्यात उरकेल, आणि तेवढ्या वेळात हात फारसा हलत नाही.

किट लेन्समध्ये कंपन थांबवणारी सोय आहे, मग हात का फरफटतो, हा माझा दुसरा घोळ होता. ती सोय माझा हात सांभाळते. चाचांचा हात सांभाळायला तिला कोणी सांगितलेलं नाही. म्हणूनच कॅलेंडर तारखांसकट येत होतं. आणि फ्लॅश म्हणाल तर तोही मारून पाहिला होता. धुरावर पडला आणि चाचांच्या जागी पांढरी भिंत उभी राहिली. चाचा डोळे चोळत म्हणाले, “ताई, ते वीज पाडायचं नका करू.”

आता पन्नास घ्यायचं जवळपास ठरलंच होतं. तेवढ्यात मामेभावाकडे कळलं की त्याच्या रीळवाल्या कॅमेऱ्याच्या काळातली ५० मिलिमीटर १.८ कपाटात पडून आहे. “घेऊन जा, फुकट.” फुकट म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हजर. चामड्याच्या डबीत, कापडात गुंडाळून, पंधरा वर्षं. विजेरी मागून धरून काचेतून पाहिलं तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन बारीक धागे. बुरशी. पावसाळा आणि चामडं यांचं हे अपत्य. (धुळीचे कण दिसले तर घाबरू नका, ते फोटोत येत नाहीत, बुरशी मात्र पसरते. माझ्या लेन्सा आता डाळीच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात.)

लेन्स लावली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली: एफ, ई, ई. फी! पतसंस्थेत आयुष्य गेलेल्या बाईकडे कॅमेऱ्याने फी मागितली. कसली फी ते अर्ध्या तासाने कळलं. जुन्या लेन्सवर छिद्राचं स्वतंत्र कडं असतं, ते सगळ्यात मोठ्या आकड्यावर, बावीसवर, फिरवून कुलूप लावायचं असतं. पुढचं कॅमेरा बघतो. ते केलं. फी माफ झाली. मग फोकस होईना. या जुन्या लेन्सांमध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांत ती नसते. जुनी लेन्स स्वस्तात घेणाऱ्याने एवढी एक गोष्ट दुकानात पाऊल टाकण्याआधी बघावी. निकॉनच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर मोटर आत आहे. माझ्यावालीवर नुसतं एएफ होतं.

तरी मी ती महिनाभर हाताने फिरवून वापरली. खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागतो तेव्हा फोकस बरोबर. आणि त्या महिन्यानेच माझे पैसे वाचवले.

झालं असं की आई माजघरात पुरण वाटत होती. पाट्यावर नाही, पुरणयंत्रावर. पण बसली होती तशीच एक गुडघा उभा करून, खिडकीतून येणारा एवढासा उजेड मनगटावर. उजेड भरपूर पकडला जात होता, त्याची तक्रारच नव्हती. पण आई मावेना. तिचा चेहरा आला की हात जायचे, हात आले की यंत्र जायचं. मी मागे सरकत सरकत फडताळाला टेकले, मग फडताळाच्या आणि भिंतीच्या बेचक्यात शिरले. आई म्हणाली, “अगं, भिंतीत जातेस की काय आता?” चाचांकडे तर दुकानच आठ बाय दहाचं. पन्नासमधून चाचा आणि भट्टी एकत्र बघायला मी दुकानाबाहेर बोळात उभी राहिले, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक स्कुटरवाल्याने मला हॉर्नने सांगितलं की ही जागा फोटो काढायची नाही.

कारण साधं आहे, आणि ‘डोळे मिटून घे’ म्हणणाऱ्यांनी ते सांगायला हवं होतं. पन्नास मिलिमीटरची ख्याती झाली ती ३५ मिलिमीटर रिळाच्या कॅमेऱ्यावर. आमच्या लहान सेन्सरवर तीच लेन्स ७५सारखी अरुंद होते. दीड मीटरवरून पन्नासमध्ये जेमतेम सत्तर सेंटिमीटर रुंदीचं जग मावतं. पस्तीसमध्ये एक मीटर. सत्तर सेंटिमीटरमध्ये माणूस मावतो. एक मीटरमध्ये माणूस आणि त्याचं काम. जुन्या नाशकात दीड मीटरपेक्षा मागे जायला जागा असते कुठे? तुमचं घर मोठं असेल, तुम्हाला नुसते चेहरे हवे असतील, लग्नातल्या नवऱ्यामुलीचे, नातवंडांचे, तर पन्नास घ्या, सुंदर लेन्स आहे. मला वाडा हवा होता.

खात्री करायला मी किट लेन्सच्या झूमवर चिकटपट्टी लावली. एक आठवडा ३५वर, एक आठवडा ५०वर, एक आठवडा २४वर. हा प्रयोग फुकट आहे आणि कोणीही करावा. पहिले दोन दिवस बोटं सवयीने कडं फिरवायला जातात, मग थकतात, आणि पाय चालायला लागतात. पस्तीसच्या आठवड्यात मी कोणालाच शिव्या दिल्या नाहीत. त्यावरून ठरलं.

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आधी १८-१४० दाखवली. “ताई, एकच लेन्स, सगळं काम.” सगळं काम, पण तीही लांबच्या टोकाला ५.६चीच, माझ्या गुंडीला नुसती लांब बाही. मग त्याने १७-५०ची, सगळीकडे २.८ उघडणारी दाखवली, ती मात्र मी परत परत हातात घेतली. लांबच्या टोकाला किट लेन्सच्या चौपट उजेड आणि झूमही. पैसे आणि वजन एवढं जास्त नसतं तर हा लेख वेगळा झाला असता. मग तो म्हणाला, “आता तुमच्या या आरशावाल्या डीएसएलआरमध्ये कशाला पैसे घालता, सगळे मिररलेसला चाललेत.” चालले असतील. मी बसने चालले होते. शेवटी त्याने कपाटाच्या तळातून ३५ मिलिमीटर १.८ काढली. मुठीत मावेल एवढी, दोनशे ग्रॅम. कॅमेऱ्याला लावून दुकानातल्या दुकानात मी त्याच्या हातातल्या बिलबुकाचा फोटो काढला. माझ्या नाण्याच्या हिशेबात हिचं भोक वीस मिलिमीटरसुद्धा भरत नाही, पण नळीही आखूड, म्हणून उजेड तेवढाच. घरी येऊन आईला किंमत सांगितली ती अर्धी.

पहिले पंधरा दिवस मी सगळं १.८वर काढलं. नवी साडी मिळाली की बाजारातही नेसून जातात तसं. एक मीटरवरून या लेन्सला एवढं मोठं उघडलं तर जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीची पट्टी स्पष्ट येते. चाचांचं नाक आलं, कान गेला. हात आला, पातेल्याचा काठ गेला. उजेड मिळतो, पण तो स्पष्ट पट्टीच्या जाडीतून वसूल होतो. कर्ज आहे शेवटी. हळूहळू २.८वर स्थिरावले, आयएसओ १६००, आणि भट्टी फुललेली असेल तर शंभरावा हिस्सा. एवढ्यात भागतं.

फाळक्यांची आठवण मला याच सुमारास झाली. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आला आणि सिनेमा करण्याआधी त्याने काय केलं, तर कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावला आणि रोप उगवेपर्यंत थोडं थोडं टिपत राहिला. एवढा महागडा कॅमेरा आणि समोर वाटाणा. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण शाळेच्या सहलीत डबे खाल्लेले असतात. मी वाटाण्याएवढी चिकाटी दाखवणार नव्हते, पण दर शनिवारी चाचांकडे जायला सुरुवात केली.

नुसतं जाऊन बसायला संकोच वाटायचा, म्हणून दर वेळी एक भांडं घेऊन जायची. आधी मोठा टोप, मग गंज, मग दोन पातेली, मग आजीची परात. आई म्हणाली, “आमटी कळकू नये म्हणून कल्हई करतात. तू दुधाच्या झाकणीलाही करून आणलीस.” चाचा पहिल्यांदा माझ्या नव्या लेन्सकडे बघून म्हणाले, “मशीन लहान केलं का ताई? पैसे कमी पडले?”

आता त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसावं लागतं. त्यामुळे त्यांना काय चाललंय ते दिसतं आणि मलाही. ते डाव्या हाताने पंख्याचं चाक फिरवतात, उजव्या हातात सांडशी. पातेलं निखाऱ्यावर फिरत राहतं, पितळेचा रंग पिवळ्याचा तांबूस होतो. मग ते नवसागराची पूड चिमटीने भुरभुरतात आणि पांढरा धूर एकदम उठतो, नाकात जातो, डोळ्यांतून पाणी. लेन्सपुढे मी साधा ५२ मिलिमीटरचा फिल्टर लावला आहे. काच पुसता येते, डोळे नाहीत. धुरातच कथलाची कांडी आत टेकते. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कांडीचं टोक बघता बघता थेंब होऊन घरंगळतं, आणि त्याच क्षणी कापसाचा बोळा. एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि काळपट पितळेवर चांदी पसरत जाते. तेवढंच मला हवं होतं सहा महिने. कापूस धरलेली ती तीन बोटं आणि त्यांच्यामागे पुसत आलेली चमक. नंतर चुर्र करून पाण्यात.

एका शनिवारी तो फोटो मिळाला. बोटं स्पष्ट. नखांतला कोळसा स्पष्ट. करंगळीला बांधलेला काळा दोरा, जो मी इतके महिने समोर बसूनही पाहिला नव्हता, तोही स्पष्ट. धूर वरच्या बाजूला सुटून गेलेला, त्यातून चाचांची दाढी अर्धवट, आणि खाली आईच्या टोपाचा पोटापर्यंतचा उजळलेला भाग. मी तो बारा बाय आठचा छापून घेतला आणि पुढच्या शनिवारी, या वेळी भांडं न घेता, त्यांच्याकडे गेले.

त्यांनी हात पँटला पुसले, फोटो दाराशी नेला, उजेडात धरला, लांब केला, जवळ घेतला. मी तारीफ ऐकायच्या तयारीत. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काठाजवळ बोट ठेवून म्हणाले, “हे बघ. इथं लागलीच नाही कल्हई. एवढीशी जागा राहिली. धुरात मला दिसली नाही.”

मी वाकून बघितलं. टोपाच्या गळ्याखाली नखाएवढा पिवळा डाग, स्वच्छ फोकसमध्ये.

“टोप घरीच आहे ना?” त्यांनी विचारलं. “आणा उद्या. पैसे नको.”